मोजले कोणी?

आकड्याविषयी सामान्य वाचकाच्या मनात धाक असतो. आम्हां कचेरीतल्या माणसांच्या मनात धाकापेक्षा ओळख अधिक असते. खेड्यातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याच्या राजधानीला आणि तेथून दिल्लीला जाणारी विवरणपत्रे आम्ही भरतो, तपासतो, त्यांची तेरीज करतो आणि पुढे धाडतो. त्यामुळे छापील आकडा पाहिला की त्यामागचा रकाना आम्हांला दिसतो, आणि रकान्यामागे तो भरणारा, घड्याळाकडे पाहणारा, आमच्यासारखाच एखादा कारकून दिसतो. सरकारी मराठीत ‘निरंक’ असा एक नेटका शब्द आहे. अमुक महिन्यात अमुक घटना घडली नाही, एवढेच त्याने सांगावयाचे असते. परंतु जेथून कागदच आलेला नाही त्या गावापुढेही घाईगर्दीत ‘निरंक’ लिहिले जाते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? ‘घडले नाही’ आणि ‘कळले नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोहोंसाठी शून्य हे एकच चिन्ह वापरले की ते अंतर पुसले जाते, आणि वरच्या कचेरीत पोचेपर्यंत अज्ञानाचे रूपांतर ज्ञानात झालेले असते.

आरोग्यविषयक वार्ता वाचताना आम्हांला या निरंकाची वारंवार आठवण होते. अमुक पदार्थ खाल्ल्याने तमुक रोगाचा धोका दुप्पट होतो, असा मथळा येतो. दुप्पट म्हणजे दहा हजारांत एकाचे दोन, की शंभरांत दहाचे वीस, हे मथळा सांगत नाही. एका आठवड्यात कॉफी हृदयाला घातक ठरते, दुसऱ्या आठवड्यात तीच हितकारक ठरते; आणि आम्ही मद्रासवासी दोन्ही आठवड्यांत ती सारख्याच निष्ठेने पितो. अशा वार्तांना कंटाळून ‘सगळेच आकडे खोटे’ असे म्हणणारेही पुष्कळ आढळतात. सगळे खरे मानणे आणि सगळे खोटे मानणे, या दोहोंत विचाराचे कष्ट मात्र सारखेच वाचतात. आमच्या मते संशयालाही शिस्त असावी लागते. जी वार्ता आपल्याला आवडते तिच्याविषयी संशय अधिक कडक असावा. आणि ज्याला दुसऱ्याचा आकडा खोटा वाटतो, त्याने स्वतः मोजण्याची तयारी ठेवावी. ही शिस्त शिकण्यासाठी दूर जावयास नको. आम्ही नोकरीनिमित्त ज्या जॉर्ज टाउनमध्ये वावरतो, तेथून चार पावलांवर तिचे धडे इतिहासाने मांडून ठेवले आहेत.

किल्ल्याच्या उत्तरेची ही वस्ती इंग्रजी अमदानीत ब्लॅक टाउन म्हणून ओळखली जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी पाचव्या जॉर्जच्या नावाने तिचे नामांतर झाले. मिंट स्ट्रीट, आर्मेनियन स्ट्रीट, तंबू चेट्टी स्ट्रीट अशा तिच्या रस्त्यांच्या नावांतच कोण कोण येथे येऊन राहिले त्याचा इतिहास आहे. पूर्वेला समुद्रालगतच्या रस्त्यावर कस्टम हाऊस, मोठे पोस्ट, रिझर्व्ह बँक आणि कलेक्टर कचेरी आहे; पूर्वी हा नॉर्थ बीच रोड होता, आज त्याला राजाजींचे नाव आहे. उत्तरेला रॉयपुरमच्या बाजूस मणेगार छत्र, नैर्ऋत्येला जनरल हॉस्पिटल आणि महापालिकेची रिपन बिल्डिंग. एवढ्या टापूतून आम्हांला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली एका वार्तेची, दुसरी एका शेराची आणि तिसरी एका टोचणीची.

पहिली गोष्ट देवीच्या रोगाची. आपण मराठीत या रोगाला देवी म्हणतो आणि तमिळ लोक ‘अम्मै’, म्हणजे आई, म्हणतात. रोग आणि देवता यांची फारकत दोन्हीकडे झालेली नव्हती. गाईच्या देवीची लस टोचली असता माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळते, हे एडवर्ड जेन्नरने १७९६ साली पडताळले आणि १७९८ साली प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात ही लस प्रथम मुंबईस लागू पडली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली, आणि तिच्यापासून एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती पुढे सरकत गेली. एका जातीच्या मुलाच्या अंगातील लस दुसऱ्या जातीच्या मुलाच्या अंगात घालावयाची, आणि तीही परक्या साहेबाच्या सांगण्यावरून, हे लोकांच्या गळी उतरणे सोपे नव्हते. माणसाच्याच देवीची लस टोचण्याची जुनी रीत हिंदुस्थानच्या काही भागांत, विशेषतः बंगालमध्ये, होती. परंतु गाईच्या देवीची लस ही वेगळी आणि नवी गोष्ट होती.

अशा वेळी १२ जानेवारी १८१९ रोजी ‘मद्रास कूरियर’ या पत्रात एक पत्र प्रसिद्ध झाले. हे १७८५ साली निघालेले मद्रासचे पहिले वर्तमानपत्र. पत्राखाली सही होती ‘कल्वि विरुम्बन’, म्हणजे तमिळमध्ये विद्याप्रेमी. या विद्याप्रेमी गृहस्थाचे म्हणणे असे की, गाईच्या देवीची लस युरोपने शोधून काढलेलीच नाही. धन्वंतरीच्या नावावर असलेल्या ‘सक्तेय ग्रंथा’त तिचे वर्णन आहे. गाईच्या आचळावरील किंवा माणसाच्या दंडावरील फोडातील द्रव शस्त्राच्या टोकावर घ्यावा आणि खांदा व कोपर यांच्यामध्ये टोचून रक्तात मिसळू द्यावा, असा तपशीलवार विधी त्यात दिला होता. तो विधी जेन्नरच्या विधीशी इतका तंतोतंत जुळत होता की, खरे तर त्या जुळण्यानेच वाचकाने सावध व्हावयास हवे होते.

वाचक सावध झाले नाहीत. वार्ता विलायतेच्या नियतकालिकांत गेली, फ्रेंच वैद्यकीय कोशापर्यंत पोचली आणि एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरवली जाऊ लागली. १९०५ साली गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले, तेव्हा मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड अँप्टहिल यांनी कर्नल किंग यांच्या हवाल्याने हेच धन्वंतरीचे वचन आपल्या भाषणात सांगितले. मद्रासहून निघालेले पत्र ८६ वर्षांनी गव्हर्नरच्या मुखातून मद्रासलाच परत आले, आणि परत येताना अधिकाराची मोहोर लावून आले. मग प्राचीन हिंदूंच्या थोरवीवरील पुस्तकांतून ते वचन गव्हर्नरसाहेबांच्या नावावर उद्धृत होऊ लागले. मूळ ग्रंथ मात्र कोणालाच सापडला नाही. १९८७ साली डॉमिनिक वुजास्टिक या संस्कृत वैद्यकाच्या अभ्यासकाने या दाव्याची मुळापासून तपासणी केली आणि सद्हेतूने केलेली ही लबाडी होती, असा निर्णय दिला. लशीला धर्माचा आधार मिळाला तर लोक ती टोचून घेतील, हा तो सद्हेतू. त्या वेळचे मद्रासचे कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस हे तमिळ आणि संस्कृतचे मोठे जाणकार होते. लशीचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी स्वतः तमिळमध्ये लेखन केले होते. त्यामुळे संशय त्यांच्या वर्तुळाकडे जातो. एलिस १८१९ सालच्या मार्चमध्येच वारले, आणि ‘विद्याप्रेमी’ कोण हे निर्विवादपणे कधीच ठरले नाही.

या कथेत फसविले गेलेले लोक अडाणी नव्हते. ते संपादक, डॉक्टर, कोशकार आणि गव्हर्नर होते. इंग्रजाला वार्ता आवडली, कारण तीमुळे लशीचा प्रसार सोपा होणार होता. आपल्या लोकांना आवडली, कारण तीमुळे पूर्वजांची मान उंच होत होती. दोन्ही पक्षांना जी गोष्ट खरी असावीशी वाटते, ती तपासण्याचे काम कोणाकडेच उरत नाही. शिवाय दहा ग्रंथांत एकच गोष्ट आली म्हणजे दहा साक्षीदार झाले असे वाटते. पण दहाही जणांनी एकाकडूनच ऐकले असेल, तर साक्ष एकाचीच धरावयाची असते. यातली खरी हानी आणखी निराळी आहे. माणसाच्या देवीची लस टोचण्याची जी रीत आपल्या देशात खरोखरच होती, तिचे श्रेय या खोट्या श्रेयाखाली झाकले गेले. उसने दागिने घालणाऱ्याच्या अंगावरचे स्वतःचे सोनेही लोक मग उसनेच समजतात.

त्याच काळात तंजावरास आपले सरफोजी राजे राज्यपदावर होते. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय, दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चाले. तेथे उपचार झालेल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह सरस्वती महालात जतन झालेल्या आहेत. रोगी कोण, विकार काय, उपचार कोणता, परिणाम काय. धन्वंतरीचे नाव घेऊन श्लोक रचणे आणि धन्वंतरीचे नाव दिलेल्या घरात रोग्यांची नोंद ठेवणे, हे त्याच तमिळ भूमीवरचे, त्याच दशकांतले दोन मार्ग होते. दुसऱ्या मार्गाची वार्ता झाली नाही.

दुसरी गोष्ट १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाची. येथे प्रश्न खऱ्याखोट्या श्लोकाचा नव्हता, माणसाला जगावयास किती धान्य लागते याचा होता. दख्खनपासून मद्रास इलाख्यापर्यंत पाऊस गेला, आणि उपाशी माणसांचे लोंढे मद्रास शहरात येऊ लागले. जॉर्ज टाउनच्या उत्तरेचे मणेगार छत्र १७८२ च्या दुष्काळात पेज वाटण्यासाठी निघाले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच्या दारी पुन्हा तेच दृश्य आले. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठविले. टेंपलसाहेबांच्या पाठीशी एक जुनी जखम होती. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने खर्च केला होता, आणि माणसे फारशी मेली नाहीत. परंतु माणसे वाचली म्हणून त्यांचे कौतुक होण्याऐवजी पैसा उधळला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. या वेळी त्यांनी तो आक्षेप येऊ द्यावयाचा नाही असे ठरविलेले दिसते. दुष्काळी कामावरील पुरुष मजुराला दिवसाला दीड पौंडाऐवजी एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा पुरे आहे, असे त्यांनी ठरविले. हीच ती इतिहासात ‘टेंपल मजुरी’ म्हणून कुप्रसिद्ध झालेली मोजणी.

एक पौंड पुरतो हे त्यांनी कशावरून ठरविले? त्यांनी कामे आणि छावण्या पाहिल्या, आणि मजुरांची प्रकृती एकंदरीत बरी दिसते असा अभिप्राय दिला. हा अभिप्राय खोटाच होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण छावणीत उभा दिसतो तो जिवंत उरलेला, आणि काम करण्याइतका धड असलेला माणूस असतो. जो काल मेला, जो चालत गावी निघाला आणि वाटेत पडला, तो पाहणीच्या दिवशी रांगेत नसतो. उरलेल्यांकडे पाहून गेलेल्यांचा अंदाज बांधणे म्हणजे ज्या गावांतून कागद आला नाही त्यांच्यापुढे ‘निरंक’ लिहिणेच होय.

टेंपलसाहेबांना विरोध केला तो मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी. कॉर्निश हे भावनेच्या भरात बोलणारे गृहस्थ नव्हते. १८७१ ची मद्रास इलाख्याची खानेसुमारी त्यांच्याच देखरेखीखाली झाली होती, आणि तुरुंगांतील कैद्यांच्या आहाराचा त्यांनी पूर्वीच अभ्यास केला होता. त्यांचे म्हणणे सरळ होते. नुसते जिवंत राहावयास लागणारे अन्न निराळे आणि दिवसभर खडी फोडावयास लागणारे निराळे. सरकार तुरुंगातील कैद्याला जेवढे खावयास घालते, तेवढेही या निरपराध मजुराला देत नाही. छावण्यांतील मृत्यूंचे प्रमाण त्यांनी मांडले आणि अंगावरचे मांस कसे झडते आहे ते दाखविले. ‘मद्रास टाइम्स’चे संपादक विल्यम डिग्बी यांनी पुढे या दुष्काळाचा दोन खंडांत वृत्तान्त लिहिला, त्यात हा वाद वाचावयास मिळतो. अखेर १८७७ च्या मे महिन्यात मद्रास सरकारने एक पौंडाची मजुरी सोडून दिली.

महाराष्ट्रातील वाचकांना या वादाचे दुसरे टोक परिचित असेल. हीच घटविलेली मजुरी मुंबई इलाख्यात लागू झाली तेव्हा हजारो मजूर दुष्काळी कामे सोडून निघून गेले, आणि १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे एकामागून एक पत्रे धाडली. मद्रासचा गोरा अधिकारी आणि पुण्याचा धोतर-पागोट्यातील वकील एकमेकांना न भेटता एकच काम करीत होते. सरकारी आकड्याला त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्याच्यासमोर अधिक बारकाईने मोजलेला दुसरा आकडा ठेवला.

मृत्यूंची मोजणी हे तर त्याहून अवघड काम. १८७७ साली मद्रास इलाख्यात नोंदले गेलेले मृत्यूच पंधरा लाखांहून अधिक होते. पण नोंद करणारा गावकामगारच जेथे उपाशी, आजारी किंवा परागंदा झाला, तेथे वही कोरी राहिली. दुष्काळ जेवढा भयंकर, तेवढी नोंद अपुरी. म्हणजे आकडा सर्वांत कमी विश्वासार्ह असतो तो नेमका त्याची सर्वांत अधिक गरज असते तेव्हा. खरे चित्र १८८१ च्या खानेसुमारीने दाखविले. दहा वर्षांत जी लोकसंख्या वाढावयास हवी होती, ती मद्रास इलाख्यात उलट किंचित घटली होती. दुष्काळ आयोगाने ब्रिटिश हिंदुस्थानातील जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे साडेबावन्न लाख इतका केला. ही साडेबावन्न लाख माणसे मेल्याची कोणत्याही एका वहीत नोंद नाही. किती असावयास हवी होती आणि किती उरली, या वजाबाकीतून ती प्रकट झाली.

तिसरी गोष्ट आपल्या काळाच्या अधिक जवळची आणि अधिक गुंतागुंतीची आहे. कारण तीत संशय घेणारा मोठा माणूस होता, तो अर्धा बरोबर होता, आणि त्याचे अर्धे बरोबर असणे सिद्ध व्हावयास पाव शतक लागले. क्षयाविरुद्धची बीसीजी लस आपल्या देशात १९४८ साली आली. ती तयार करण्याची प्रयोगशाळा त्याच गिंडीच्या परिसरात निघाली, आणि १९५१ पासून मुलांना ती मोठ्या प्रमाणावर टोचण्याची मोहीम सुरू झाली. १९५५ साली राजाजींनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला. देशाचे गव्हर्नर-जनरल आणि मद्रासचे मुख्यमंत्री राहिलेला माणूस. त्यांचा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जाई. निरोगी मुलांच्या अंगात जिवंत जंतू सरसकट घालणे धोक्याचे आहे, आणि लशीचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असे त्यांचे दोन मुख्य आक्षेप होते. केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या खात्याने लशीची बाजू उचलून धरली. वाद गाजला, पुस्तिका निघाल्या, आणि बहुतेक वाचकांनी आपापल्या राजकीय आवडीप्रमाणे मत बनविले. वादात नव्हती ती एकच गोष्ट : आपल्या देशातील, आपल्या माणसांवर केलेली, दोन्ही पक्षांना मान्य होईल अशी मोजणी.

ती मोजणी कशी करावयाची हे मद्रासनेच पुढच्या काही वर्षांत जगाला दाखविले. १९५६ साली येथे क्षय-उपचारांचे संशोधन केंद्र निघाले. त्या काळी क्षयरोग्याला पाचगणीची हवा, मिरजेचे आरोग्यधाम, दूध, अंडी आणि विश्रांती यांवाचून गत्यंतर नाही असा सर्वांचाच समज होता. केंद्राने शहरातील १९३ गरीब रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या त्या न्यायाने निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. वर्षभराने आरोग्यधामातील ९२ टक्के आणि घरच्यांपैकी ८६ टक्के रोग्यांचा रोग शांत झाला होता. घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट होता, विश्रांतीही कमी होती. तरीही औषधाने आपले काम केले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना रोग अधिक लागल्याचेही आढळले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयरोग्यांची रवानगी आरोग्यधामात करण्याची प्रथा मागे पडू लागली. ज्या घरांना डॉक्टर मंडळी रोगाचे माहेर समजत, त्या घरांत बरे होता येते, हे कोणा महात्म्याच्या वचनाने सिद्ध झाले नाही. एकशे त्र्याण्णव नावांच्या यादीने ते सिद्ध केले.

मग बीसीजीची पाळी आली. १९६८ पासून मद्रासलगतच्या चिंगलपुट जिल्ह्यात सुमारे तीन लाख साठ हजार वस्तीच्या टापूत जगातील एक सर्वांत मोठी लस-चाचणी झाली. अडीच लाखांहून अधिक लोकांना टोचण्यात आले. कोणाला लस मिळाली आणि कोणाला औषध नसलेले नुसते द्रावण, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि टोचून घेणाऱ्यालाही नव्हते. साडेसात वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष १९७९ साली हाती आला : थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून या लशीने संरक्षण दिले नाही. पंधरा वर्षांच्या पाहणीनेही १९९९ साली तेच सांगितले. इंग्लंडमधील शाळकरी मुलांत हीच लस पाऊणशे टक्क्यांहून अधिक उपयोगी ठरली होती. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने हिंदुस्थानातून आलेली वाईट वार्ता म्हणून तिच्यावर अग्रलेख लिहिला. परिसरातील मातीपाण्यात असणारे दुसरे जंतू या फरकाला कारण असावेत असा एक तर्क आहे. पण तो तर्कच आहे.

मग राजाजी खरे ठरले काय? उपयोग सिद्ध झालेला नाही, हा त्यांचा आक्षेप मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापुरता खरा ठरला. धोक्याविषयीची भीती मात्र लाखो मुलांच्या अनुभवाने खरी ठरली नाही. आणि त्यांनी ज्याचा विचारच केला नव्हता अशी तिसरी गोष्ट निघाली : तान्ह्या मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या घातक प्रकारांपासून ही लस बऱ्याच अंशी वाचविते. म्हणून चेन्नईत आज जन्मणाऱ्या बालकालाही ती टोचली जाते, आणि ते योग्यच आहे. लस सर्व क्षय नाहीसा करील असे म्हणणारे चुकले, आणि ती टाकून द्या म्हणणारेही चुकले. राजाजींचा संशय अनमोल होता. परंतु त्या संशयाचे उत्तर राजाजी देऊ शकत नव्हते, आरोग्यखातेही देऊ शकत नव्हते. ते चिंगलपुटच्या खेड्यांतून वर्षानुवर्षे घरोघर फिरणाऱ्या, थुंकीचे नमुने गोळा करणाऱ्या, ज्यांची नावे कोणाला माहीत नाहीत अशा माणसांनी दिले.

एवढे सगळे घडून गेल्यावर तरी आपण शहाणे झालो असू, असे वाटणे साहजिक आहे. पण २०२० सालच्या मार्च महिन्यात, करोनाची साथ नुकतीच पसरत असताना, ज्या देशांत बीसीजी टोचतात तेथे करोनाने माणसे कमी मरतात, अशी वार्ता जगभर झळकली. आपल्या देशात तिचे विशेष स्वागत झाले, कारण आपल्या बहुतेकांच्या दंडावर तो व्रण आहे. देशादेशांच्या सरासऱ्यांची ही तुलना होती. कोणत्या देशात म्हातारी माणसे किती, साथ कोठे आधी पोचली, तपासण्या कोठे झाल्या आणि कोठे झाल्याच नाहीत, हे सर्व त्या तुलनेत मिसळून गेले होते. पुढे पाच देशांतील आरोग्यसेवकांवर रीतसर चाचणी झाली आणि तिचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, करोनापासून बीसीजीने संरक्षण दिले नाही. ‘विद्याप्रेमी’ गृहस्थाच्या पत्रालाही नेमके असेच स्वागत लाभले होते, आणि कारणही तेच होते : वार्ता आपल्याला हवी तशी होती.

त्याच वर्षी याच शहरात निरंकाचाही धडा पुन्हा गिरवला गेला. राज्याच्या यादीतील करोनामृत्यू आणि महापालिकेच्या मृत्युनोंदी यांचा मेळ बसेना, तेव्हा ताळमेळासाठी समिती नेमण्यात आली, आणि २२ जुलै २०२० रोजी राज्याच्या एकूण मृत्यूंत ४४४ मृत्यू नव्याने समाविष्ट करण्यात आले. हे मृत्यू त्या दिवशी झालेले नव्हते, मार्चपासूनच्या काळातले होते. दुसऱ्या दिवशी आलेख पाहणाऱ्याला वाटावे की एका रात्रीत अनर्थ झाला. वस्तुतः त्या रात्री घडले ते एवढेच की, ‘कळले नाही’ हे ‘घडले’ या रकान्यात गेले. वाढलेला आकडा पाहून लोक घाबरले, टीकाही झाली. आम्हांला मात्र वाटते की, त्या वर्षातील सर्वांत भरवशाचा दिवस तोच होता. जी कचेरी आपला जुना आकडा अपुरा होता असे लेखी कबूल करते, तिच्या नव्या आकड्यावर विश्वास ठेवावयास जागा असते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण आमच्यासारखेच स्वप्रांतापासून दूर, कोठेतरी कोणत्यातरी विवरणपत्रावर सही करीत असतील. आपण कॉर्निश नव्हे आणि राजाजीही नव्हे. परंतु कॉर्निशने ज्या वह्या चाळल्या आणि चिंगलपुटच्या शास्त्रज्ञांनी ज्या याद्यांवर भरवसा ठेवला, त्या आपल्यासारख्यांनीच लिहिलेल्या होत्या. वर्तमानपत्रातील आकडा तपासण्याची संधी आपल्याला क्वचित येते. आकडा जेथे जन्मतो तेथे मात्र आपण रोज बसलेलो असतो. जेथून कागद आला नाही त्या गावापुढे ‘निरंक’ न लिहिता ‘अप्राप्त’ लिहावे आणि एक स्मरणपत्र धाडावे. महिनाअखेरीस तेरीज जुळणार नाही, वरिष्ठ थोडे नाराज होतील. तरी ते लिहावे. त्या एका शब्दामागे कदाचित कोणाचा मृत्यू असेल, आणि त्याची नोंद होण्याची ती शेवटची जागा असेल.